अंडी घालायचं खोकं केवढं असावं? परसातल्या कोंबड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात, गच्चीवर किंवा शेतघराशेजारी पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. मापं इंचात आहेत, कारण सुतार आणि फॅब्रिकेटर दोघंही इंचातच बोलतात. वेगळं सांगितलं नसेल तिथं माप आतलं समजा.

१. साध्या गावठी कोंबडीला अंडी घालायला केवढं खोकं लागतं?

१२ इंच रुंद, १२ इंच खोल आणि १२ ते १४ इंच उंच. गावठी कोंबडी भरली तरी दीड किलोच्या आसपास असते, तिला एवढी जागा पुरते. अगदी लहान चणीची असेल तर १० इंच रुंदीतही भागतं. पण नवीन करून घेताय तर १२ इंचांचंच घ्या. कोंबड्या बदलत राहतात, खोकं तेच राहतं.

उंचीत मात्र कंजुषी नको. अंडं बाहेर पडायच्या वेळी कोंबडी अर्धवट उठते आणि पाठ ताणते. तेव्हा डोकं किंवा पाठ छताला घासली की दुसऱ्या दिवशी ती खोकं सोडून चुलीमागचा कोपरा शोधते.

२. माझ्याकडे गिरीराज आणि वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या आहेत. तेच माप चालेल का?

नाही. या माद्या दोन-अडीच किलोच्या होतात. घरचं उरलंसुरलं आणि मका भरपूर मिळाला तर गिरीराज तीन किलोच्याही पुढे जाते. त्यांना १४ इंच रुंद, १४ इंच खोल आणि १६ इंच उंच खोकं द्या. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) यांनाही हेच माप.

ग्रामप्रिया आणि कडकनाथ अंगानं हलक्या, त्यांना प्रश्न १ मधलं माप पुरतं. असील वेगळी पडते. ती रुंदीनं फार नसते, पण पाय लांब आणि मान उभी, त्यामुळे तिला रुंदी १२ ते १४ चालेल, उंची १६ च्या खाली नको.

३. जात नक्की माहीत नाही, सगळी भेसळ आहे. माप कसं ठरवू?

पार्सलचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, ब्लेडनं कापून १२ इंचांचा करा, आडवा ठेवा, तळाला चार बोटं तूस घाला आणि सरकू नये म्हणून मागे वीट लावा. अंड्यावर असलेली सगळ्यात मोठी कोंबडी त्यात जाईल अशा बेतानं चार दिवस ठेवा आणि लांबून बघा.

कोंबडी आत शिरते, चोचीनं तूस इकडचं तिकडं करते, छातीनं दाबून खळगा करते आणि जागच्या जागी दोन-तीनदा गोल फिरते. सगळं माप या फिरण्यात आहे. फिरताना शेपूट घासली तर हरकत नाही, ती दुमडते. पण पंख दोन्हीकडे अडत असतील, किंवा वळायला तिला बाहेर येऊन पुन्हा आत जावं लागत असेल, तर दोन इंच वाढवा. उलट ती बसलेली असताना दुसरी शेजारी सहज मावत असेल तर दोन इंच कमी करा. प्लाय कापल्यावर कळण्यापेक्षा पुठ्ठ्यावर कळलेलं स्वस्त पडतं.

४. थोडं मोठंच केलं तर काय बिघडतं? ऐसपैस राहतील.

कोंबडीला अंडी घालताना ऐसपैस नको असतं. तिला आडोसा हवा असतो, तीन बाजूंनी भिंत जवळ असलेला आणि अंधारलेला. खोकं मोठं झालं की पहिली बसलेली असताना दुसरी आत घुसते आणि पायाखाली अंडं चेपतं. फुटलेलं अंडं एकीनं चाखलं की पुढे मुद्दाम फोडून खायची सवय लागते, आणि ती सवय मोडणं फार जिकिरीचं. शिवाय मोठ्या खोक्यात तूस कडेला सरकतं, मध्ये उघडी फळी राहते, त्यावर अंडं पडलं की तडकतं.

तक्रारी घेऊन येणाऱ्यांत लहान खोकं केलेले थोडे, मोठं केलेलेच जास्त. ‘दीड फूट बाय दीड फूट करू, काय जातंय’ हा हिशेब अंड्यात महाग पडतो. मुद्दाम मोठं ठेवायचे दोनच प्रसंग आहेत, ते प्रश्न १२ आणि १५ मध्ये पाहा.

५. किती कोंबड्यांमागे किती खोकी?

चार-पाच माद्यांमागे एक. कोंबड्या तीनच असल्या तरी खोकी दोन ठेवा, म्हणजे एक अडलेलं असताना दुसरीची सोय होते. दहा माद्यांना दोन कशीबशी पुरतात, तीन बरी. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा (अंड्यावर येण्याआधीच्या तरुण कोंबड्यांचा) गट घेतला असेल तर पाच-सहा खोकी करा. नर मोजायचे नाहीत.

प्रत्येकीला वेगळं लागत नाही, कारण एक कोंबडी आत अर्धा-पाऊण तास बसते आणि निघून जाते. पण बहुतेक अंडी सकाळीच पडतात, त्यामुळे खरी गर्दी दुपारच्या आतली. खोकी पुरतात की नाही हे त्या वेळी बघायचं, संध्याकाळी नाही.

६. तीन खोकी केली, पण सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतात. माप चुकलं का?

बाकीच्या दोन खोक्यांचं मापही तेच असेल तर माप चुकलेलं नाही. जिथं आधीच अंडं पडलंय आणि जिथं जास्त अंधार आहे ते खोकं त्यांना आवडतं. एसटीत मागची बाकं रिकामी असताना दाराशीच गर्दी व्हावी, तसा हा प्रकार.

रिकाम्या खोक्यांत एकेक प्लास्टिकचं किंवा लाकडी अंडं ठेवा. कुठल्या खोक्यात उजेड जास्त येतो ते बघून तिथं गोणपाटाचा पडदा सोडा, खालून अर्धा उघडा. तरीही आवडतं खोकं एखादं राहतंच. अंडी फुटत नसतील तर सोडून द्या.

७. सुताराला माप आतलं सांगू की बाहेरचं?

आतलं सांगा आणि ते कागदावर लिहून द्या. नुसतं ‘तीन फुटांत तीन खाने’ सांगितलं की तो बाहेरून ३६ इंच धरतो. १२ मिलिमीटरचा प्लाय जवळपास अर्धा इंच जाड असतो. दोन कडा आणि मधल्या दोन फळ्या मिळून दोन इंच त्यातच जातात, उरले ३४, म्हणजे एक खाना सव्वाअकरा इंचांचा. गावठीला ठीक, गिरीराजला नाही. १२-१२ चे तीन खाने हवे असतील तर बाहेरून ३८ इंच धरा. १४-१४ चे हवे असतील तर ४४.

प्लाय घ्यायचाच तर पाण्याला टिकणारा घ्या. साधा कमर्शियल प्लाय कोकणातल्या पावसात आणि शिटेच्या ओलीनं लवकर फुगतो, थर सुटतात. घरात पडलेल्या जुन्या सागवानी किंवा फणसाच्या फळ्या असतील तर त्या कधीही सरस.

८. पुढच्या बाजूला पट्टी लावायलाच हवी का?

हवीच. चार इंचांची पट्टी नसेल तर तूस आणि अंडी दोन्ही बाहेर येतात. पेंढा जाड घालणार असाल तर पाच-सहा इंच करा. पट्टीच्या वरची कड कानशीनं गोल करून घ्या, कारण कोंबडी रोज तिच्यावरच पाय देऊन आत जाते.

पट्टी वाढली की वरची उघडी जागा कमी होते, हे लक्षात राहत नाही. १२ इंच उंच खोक्याला सहा इंच पट्टी लावली तर शिरायला सहाच इंच उरतात. शिरायला निदान आठ इंच हवेत.

९. जमिनीपासून किती उंच ठेवू? आणि कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात, त्याचं काय?

दोन्हीचं उत्तर एकच. खोकं जमिनीपासून दीड-दोन फूट आणि झोपायची दांडी त्याहून निदान फूटभर वर. कोंबडी रात्री मिळेल ती सगळ्यात उंच जागा धरते. दांडी खाली आणि खोकं वर असेल तर ती खोक्यात झोपणार, रात्रभर शिटणार, आणि सकाळी त्याच घाणीत अंडं पडणार.

गिरीराजसारख्या जड कोंबडीला खोकं फूट-सव्वा फुटावरच ठेवा. दोन मजली खोकी असतील तर वरच्या मजल्यापुढे उतरायला काठी बांधा. खोक्याचं छत सपाट ठेवू नका, चांगला उतार द्या. सपाट छतावर हमखास बसतात आणि छत शिटेनं भरतं.

१०. नवीन कशाला करू? क्रेट, तेलाचा डबा, बादली, घमेलं, टोपली यातलं काय चालेल?

बरंच काही चालतं, आणि मला विचाराल तर दहापेक्षा कमी कोंबड्यांना सुतार बोलवायची गरजच नाही. एकेक बघू.

टोमॅटोचा २० किलोचा प्लास्टिक क्रेट साधारण २१ इंच लांब, १४ रुंद आणि साडेअकरा खोल असतो. लांब बाजूवर आडवा केला की तोंड २१ रुंद, १४ उंच होतं. बरोबर मध्ये फळी घातली तर दहा-दहा इंचांचे दोन खाने मिळतात, ते फक्त लहान चणीच्या गावठीला. मोठी कोंबडी असेल तर फळी एका बाजूला सरकवून १४ इंचांचा एकच खाना करा. खोली साडेअकराच राहते, त्यामुळे गिरीराजची शेपूट बाहेर येईल, पण अंडं आत पडतं. क्रेटच्या जाळीतून तूस गळतं आणि उजेडही येतो. तळ आणि तिन्ही बाजू आतून गोणपाटानं झाका. पुढे पट्टी बांधायला विसरू नका.

तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा नऊ-सव्वानऊ इंचांचा. सगळीकडे तोच वापरतात आणि तो सगळ्यांना लहानच पडतो. गावठी तलंग त्यात कशीबशी बसते, वर्षभरानं अंग भरलं की अंडी बाहेर पडायला लागतात. कापलेली कड ठोकून दुमडली नसेल तर पोटाला कापतं, ते वेगळंच.

रंगाची २० लिटरची बादली आडवी केली तर गावठीला बरी बसते. तोंड ११-१२ इंच असतं आणि गोल तळामुळे अंडं मध्येच राहतं. आतून खरवडून, धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. लोळू नये म्हणून दोन्हीकडे विटा लावा.

घमेलं रुंदीला पुरतं, पण उघडं असतं. कोपऱ्यात ठेवून वर फळी आडवी टाकली तर चालतं. बांबूची टोपली सगळ्यात जुनी आणि अजूनही चांगली: हवा खेळते, आकार गोल, तळ थोडा खोलगट. तोंड १२ ते १४ इंच असलेली निवडा. दोष एवढाच की विणीच्या फटींत पिसवा घर करतात, म्हणून महिन्यातून एकदा कडक उन्हात उलटी घाला.

आंब्याच्या लाकडी पेट्या हापूसचा हंगाम संपल्यावर फुकटात मिळतात. त्यांची मापं एकसारखी नसतात, टेप लावून घ्या. वाकलेले खिळे आधी काढा.

११. बाजारात जीआय पत्र्याची तयार खोकी मिळतात. ती घेऊ का? उन्हाळ्यात तापत नाहीत का?

तापतात. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा उन्हातल्या पत्र्याच्या खोक्यात कोंबडी थांबत नाही. पत्रा धुवायला सोपा आणि पिसवांना लपायला जागा कमी, हा त्याचा खरा फायदा. घेतलंत तर सावलीत ठेवा, छतावर ओलं गोणपाट टाका आणि मागच्या बाजूला वरच्या कडेजवळ बोट जाईल एवढी चार-पाच भोकं पाडून घ्या. भोकं खाली नकोत, उजेड नेमका बसलेल्या कोंबडीवर येतो.

घेताना टेप लावाच. तयार खोकी बऱ्याचदा लेअर (फक्त अंड्यांसाठी पाळायच्या, हलक्या) कोंबडीच्या अंगाला बेतलेली असतात, गिरीराजच्या नाही.

१२. कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली आहे. तिला त्याच खोक्यात अंड्यांवर बसवू का?

नको. तिथं बाकीच्या येऊन तिच्याखाली नवीन अंडी घालतात आणि कुठलं अंडं किती दिवसांचं याचा मेळ लागत नाही. तिला वेगळं, १५-१६ इंचांचं खोकं द्या आणि ते जमिनीवर ठेवा. २१ दिवस ती तिथंच बसणार, शेवटी पिल्लं निघणार, आणि दीड फुटावरून पिल्लू खाली पडलं की परत वर चढू शकत नाही. पुढची पट्टी तीन इंचांपेक्षा जास्त नको. जवळच पाणी आणि दाणे ठेवा, ती दिवसातून एकदाच उठते.

गावठीखाली तिची स्वतःची १०-१२ अंडी मावतात. गिरीराज-वनराज सहसा खुडूक बसत नाहीत, त्यांची अंडी गावठीखालीच ठेवावी लागतात. ती मोठी असतात, त्यामुळे आठ-नऊवर थांबा. जास्त ठेवली की कडेची गार पडतात.

पिल्लं नको असतील तर तिला खोक्याबाहेर, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून हवा लागली की खुडूकपणा उतरतो.

१३. तळाला काय घालू, आणि त्यानं माप बदलतं का?

भाताचं तूस, पेंढा, गव्हाचा भुसा, रंध्याचा भुसा, जे जवळ मिळेल ते, पण कोरडं आणि बुरशी नसलेलं. थर तीन इंच. त्यानं माप बदलतं ते उंचीचं: १२ इंच उंच खोक्यात तीन इंच तूस म्हणजे तुसाच्या वर नऊच उरले. म्हणून प्रश्न १ मध्ये १४ पर्यंत जा म्हटलं आहे. करवतीची बारीक भुकटी नको, धूळ उडते.

१४. तलंगा अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. खोकी कधी ठेवू?

पहिल्या अंड्याच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे पाचव्या महिन्याच्या सुमारास. त्याआधी ठेवली तर त्या झोपायला वापरतात. उशीर झाला तर पहिलं अंडं कोपऱ्यात पडतं आणि मग तो कोपराच ठरून जातो. माप आजच्या तलंगेचं घेऊ नका, त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या मादीचं घ्या.

१५. प्रत्येकीला खाना करण्यापेक्षा एकच लांब, बिनखान्याचं खोकं केलं तर?

पंचवीस-तीस कोंबड्यांच्या पुढे चालतं, आणि साफ करायला सोपं जातं. साधारण चार फूट लांब, दोन फूट खोल, वर झाकण, आणि समोर पूर्ण उघडं न ठेवता नऊ-दहा इंचांची दोन दारं. आत अंधार राहायला हवा, तरच त्या भांडत नाहीत. त्यात अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलावी लागतात, नाहीतर प्रश्न ४ मधली सगळी संकटं एकदम येतात. पाच-दहा कोंबड्यांना हा खटाटोप नको.

१६. अंडी खायची सवय लागलीच आहे. उतार असलेलं खोकं करू का?

तो सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, पण माप नव्यानं धरावं लागतं. तळाला फुटामागे एक ते दीड इंच उतार द्या. अंडं घरंगळून मागच्या झाकलेल्या कप्प्यात गेलं पाहिजे, म्हणजे कोंबडीच्या १२ इंचांमागे आणखी सहा इंच. एकूण खोली १८. तळाला तूस घालता येत नाही, रबरी किंवा कृत्रिम गवताची चटई लावा. उतार जास्त झाला तर कोंबडीला पाय टेकवत नाही आणि ती जातच नाही.

सोबत शिंपल्यांचा चुरा द्यायला सुरुवात करा. कवच पातळ असेल तर कुठल्याही मापाच्या खोक्यात अंडी फुटतात.

१७. कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. खोकं असून कुंपणात, गवतात अंडी घालतात. खोकं लहान वाटत असेल का?

क्वचित. खुराडं सकाळी उजाडताच उघडत असाल तर कोंबडीला कुंपणच सोयीचं. आठ-दहा दिवस त्यांना अकरापर्यंत आतच ठेवा, दाणा-पाणी आत द्या. बहुतेक त्यातच सुधारतात. कुंपणातलं ठिकाण सापडलं तर सगळी अंडी उचला आणि तिथं काटेरी फांदी टाका. एवढं करूनही फरक नाही, तर प्रश्न ३ मधली पुठ्ठ्याची परीक्षा घ्या.

१८. बदकांनाही हीच खोकी चालतील का?

बदक उडी मारून वर जात नाही. त्याला जमिनीवर, १४ इंच रुंद आणि १८ इंच खोल, पुढे जेमतेम दोन इंच पट्टी असलेलं खोकं द्या. बटेरांना खोकं लागत नाही.

१९. चार-सहा महिने नीट अंडी घालत होत्या. माप तेच, जागा तीच, आणि अचानक एकही खोक्यात जात नाही. काय झालं?

आत काहीतरी आलेलं आहे. आधी साप, घूस, मुंगूस बघा. अंडी मागमूस न ठेवता नाहीशी होत असतील तर नाग किंवा घोरपड अख्खी गिळत असण्याची शक्यता जास्त. हात घालण्याआधी काठीनं तूस हलवा. खुराड्याच्या फटींना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. कोंबड्यांची साधी षटकोनी जाळी सापाला अडवत नाही.

यातलं काही नसेल तर रक्त पिणारे लाल माइट (अगदी बारीक किडे) तपासा. दिवसा ते फळ्यांच्या सांध्यांत लपतात, रात्री बाहेर येऊन चावतात, म्हणून दिवसा खोकं स्वच्छच दिसतं. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा आणि पांढरं फडकं सांध्यांवरून, दांडीच्या खालच्या बाजूवरून दाबून फिरवा. फडक्यावर लाल-तपकिरी रेघा उमटल्या तर तेच. सगळं तूस काढून जाळा, खोकं बाहेर काढून सांध्यांत उकळतं पाणी ओता, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि आठवड्यानं पुन्हा हेच करा, कारण अंड्यांतून निघालेले नवे तोवर बाहेर येतात. कडुनिंबाचा पाला किंवा राख यांवर एवढ्यात भागत नाही. कोंबड्यांचे तुरे फिके पडले असतील तर औषध पशुवैद्यकाला विचारूनच मारा, आणि त्या काळातली अंडी खायची की नाही हेही त्यांनाच विचारा.